विश्लेषण : बाविशीतला वेग आणि पुढची दहा वर्षे, सु बिंगतियानच्या वाटेवर जशपूरचा अनिमेष कुजूर

सदर बाजार, रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील सदर बाजार हा शहराचा जुना सराफा. येथे सोन्याचा व्यवहार मिलिग्रॅममध्ये होतो. काट्यावर उमटणारा शेवटचा आकडा ग्राहक आणि सराफ दोघेही बारकाईने पाहतात, कारण त्या आकड्यालाही मोल असते. वेगाच्या शर्यतीचा हिशेबही असाच असतो. तेथे सेकंदाचे शंभर भाग करून प्रत्येक भाग मोजला जातो आणि एकेका भागासाठी खेळाडूची अनेक वर्षे खर्ची पडतात.

५ जुलै २०२५ रोजी ग्रीसमधील वारी या गावी झालेल्या स्पर्धेत छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातील अनिमेष कुजूर याने १०० मीटर अंतर १०.१८ सेकंदांत पार केले. याआधीचा राष्ट्रीय विक्रम पंजाबच्या गुरिंदरवीर सिंग याच्या नावावर १०.२० सेकंदांचा होता. म्हणजे सुधारणा झाली ती अवघ्या दोन शतांश सेकंदांची. मात्र १०.२० च्या आत धावणारा पहिला भारतीय म्हणून अनिमेषचे नाव त्या दिवशी नोंदले गेले. २०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम त्याच्याकडे आधीच होता. देशातील सर्वांत वेगवान पुरुष धावपटू छत्तीसगडच्या मातीतला आहे, ही बाब रायपूरला अभिमानाची वाटावी अशीच आहे. या अभिमानाला एक सल मात्र आहे. राष्ट्रीय स्पर्धांत अनिमेष छत्तीसगडकडून धावत नाही. तो ओडिशाचे प्रतिनिधित्व करतो.

अनिमेषच्या या वेळेचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर आशियातील सर्वांत यशस्वी वेगवान धावपटू, चीनचा सु बिंगतियान याची कारकीर्द शेजारी ठेवून पाहावी लागते. सु याने सप्टेंबर २०११ मध्ये हफेई येथे १०.१६ सेकंदांची वेळ नोंदवून चीनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा त्याने नुकतीच वयाची २२ वर्षे पूर्ण केली होती. १०.१८ ची नोंद करताना अनिमेषही २२ वर्षांचाच होता. वय तेच आणि वेळेतला फरक दोन शतांश सेकंदांचा. सु पुढे ९.८३ सेकंदांपर्यंत पोहोचला, पण त्यासाठी त्याला आणखी दहा वर्षे लागली. ती दहा वर्षे त्याला कोणी आणि कशी दिली, हाच आज रायपूरसाठी आणि देशासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे.

१०.१७ वर थांबलेला चीन

चीनने वेगाच्या शर्यतीत एका झेपेत यश मिळवले, असा समज आढळतो. नोंदी मात्र वेगळे सांगतात. चीनचा १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम १९९८ मध्ये झोऊ वेई याने १०.१७ सेकंदांवर नेला. त्यानंतर तेरा वर्षे हा आकडा हलला नाही. याच काळात चीनने २००८ चे बीजिंग ऑलिंपिक भरवले आणि पदकतालिकेत सुवर्णपदकांच्या संख्येत पहिले स्थान मिळवले. अडथळ्यांच्या शर्यतीत लिऊ शियांगसारखा ऑलिंपिक विजेताही त्याच देशाने दिला. तरीही १०० मीटरची सरळ धाव तेथेच अडून राहिली. २०११ मध्ये सु याने विक्रम मोडला तोही अवघ्या एका शतांश सेकंदाने.

त्यानंतर चित्र पालटले. २०१३ मध्ये सु १०.०६ पर्यंत आला. त्याच वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्याचा सहकारी झांग पेइमेंग याने १०.०० सेकंदांची वेळ दिली. दहा सेकंदांच्या आत येण्यासाठी त्याला एक शतांश सेकंद कमी पडला आणि ती वेस झांगला पुढेही ओलांडता आली नाही. ३० मे २०१५ रोजी अमेरिकेतील युजीन येथे सु ९.९९ सेकंदांत धावला. आशियात जन्मलेला धावपटू दहा सेकंदांच्या आत येण्याची ती पहिली वेळ होती. त्यापूर्वी आशियाई देशांच्या नावावर अशा वेळा नोंदल्या गेल्या होत्या, पण त्या कतारचे नागरिकत्व घेतलेल्या, मूळच्या नायजेरियाच्या धावपटूंच्या होत्या.

या वेशीची किंमत जपाननेही मोजली आहे. कोजी इतो याने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत १०.०० सेकंदांची नोंद केली. पहिला जपानी धावपटू दहाच्या आत आला तो सप्टेंबर २०१७ मध्ये. योशिहिदे किर्यू याने तेव्हा ९.९८ सेकंद वेळ दिली. दोन शतांश सेकंदांसाठी जपानला जवळपास एकोणीस वर्षे वाट पाहावी लागली. शर्यतीच्या अंतिम टप्प्यातील वेगाने पाहिले, तर एका शतांश सेकंदात धावपटू जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर पुढे सरकतो. संपन्न आणि क्रीडासाधनांनी सज्ज अशा देशालाही वीतभर अंतरासाठी दोन दशके लागू शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे १०.१८ या आकड्याकडे ना उतावळेपणाने पाहता येते, ना तुच्छतेने.

पाय बदलण्याचे धाडस

सु बिंगतियानचा जन्म २९ ऑगस्ट १९८९ रोजी दक्षिण चीनमधील गुआंगडोंग प्रांतातील झोंगशान येथे झाला. उंची १.७२ मीटर. जागतिक दर्जाच्या धावपटूंच्या रांगेत तो नेहमीच ठेंगणा दिसे. लांब ढांगा टाकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर त्याचे बळ होते ते सुरुवातीच्या साठ मीटरमध्ये. स्थानिक क्रीडा शाळा, त्यानंतर प्रांताचा संघ आणि मग राष्ट्रीय संघ, अशा चढत्या पायऱ्यांनी तो वर आला. त्याच्या कारकिर्दीतील निर्णायक क्षण मात्र एखाद्या पदकाचा नाही. २०१४ च्या हंगामानंतर, राष्ट्रीय पातळीवर यश मिळत असतानाच, त्याने धावेची सुरुवात करताना पुढे ठेवायचा पाय बदलला. अनेक वर्षांची शरीराची सवय मोडून ती नव्याने लावण्याचा हा निर्णय होता. अशा बदलानंतर आधी वेळ बिघडण्याची शक्यता असते आणि सुधारणेची हमी कोणीच देऊ शकत नाही. पदकाच्या आशेवर ज्याची नोकरी, शिष्यवृत्ती किंवा शिबिरातील जागा टिकून असते, तो खेळाडू असा धोका पत्करू शकत नाही. सु याला तो पत्करता आला, कारण एक हंगाम वाया गेला तरी त्याची जागा जाणार नव्हती.

२०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तो १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्याच स्पर्धेत ४ बाय १०० मीटर रिलेमध्ये अमेरिकेचा संघ अपात्र ठरल्यानंतर चीनला रौप्यपदक मिळाले. तरीही बदल थांबले नाहीत. २०१७ पासून अमेरिकी प्रशिक्षक रँडी हंटिंग्टन यांनी त्याच्या धावेची नव्याने बांधणी सुरू केली. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत त्याने ६० मीटरमध्ये ६.४२ सेकंदांसह रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी तो १०० मीटर ९.९१ सेकंदांत दोनदा धावला आणि जकार्ता येथे ९.९२ सेकंदांत आशियाई सुवर्णपदक जिंकले.

१ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत त्याने ९.८३ सेकंद ही वेळ नोंदवली. त्या शर्यतीत नंतरचा ऑलिंपिक विजेता मार्सेल जेकब्स त्याच्या मागे राहिला होता. पहिले ६० मीटर सु याने ६.२९ सेकंदांत पार केले होते. त्यावेळी त्याचा बत्तिसावा वाढदिवस चार आठवड्यांवर आला होता. बहुतेक धावपटू ज्या वयात निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात त्याने कारकिर्दीतील सर्वोत्तम धाव दिली. अंतिम फेरीत ९.९८ सेकंदांसह तो सहावा आला. १९३२ मध्ये जपानच्या ताकायोशी योशिओका यांच्यानंतर ऑलिंपिकच्या या अंतिम फेरीत धावणारा तो पहिला आशियाई ठरला. पुढे दुखापतींनी त्याला गाठले आणि पॅरिस ऑलिंपिकला तो मुकला. दरम्यान गुआंगझोऊच्या जिनान विद्यापीठात तो सहयोगी प्राध्यापक म्हणून अध्यापनही करू लागला होता.

या कारकिर्दीतून मिळणारा धडा तंत्राचा नाही. सहा फुटांहून उंच असलेला आणि २०० मीटरमध्ये अधिक खुलणारा अनिमेष हा सु याच्यापेक्षा अगदी वेगळ्या बांध्याचा धावपटू आहे. एकाची नक्कल दुसऱ्याला उपयोगाची नाही. धडा आहे तो सातत्याचा. बाविसाव्या वर्षी १०.१६ ला धावणाऱ्या खेळाडूला बत्तिशीपर्यंत सांभाळणारी, मध्ये त्याचा पाय बदलू देणारी, प्रशिक्षक बदलू देणारी आणि खेळानंतरच्या आयुष्याची सोय लावणारी व्यवस्था त्याच्यामागे उभी होती.

जशपूर ते भुवनेश्वर

अनिमेष कुजूरचा जन्म २ जून २००३ चा. जशपूर जिल्ह्यातील घुईटांगर हे त्याचे गाव. हा जिल्हा छत्तीसगडच्या ईशान्य टोकाला, झारखंड आणि ओडिशा या दोन्ही राज्यांच्या सीमांना लागून आहे. उरांव आदिवासी समाजाची येथे मोठी वस्ती आहे. रायपूर येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर, तर रांची कितीतरी जवळ. सीमेपलीकडचा सुंदरगड जिल्हा हॉकीपटूंसाठी प्रसिद्ध आहे. अनिमेषचे आई-वडील दोघेही पोलीस खात्यात असल्याने बदल्यांबरोबर घरही फिरत राहिले. त्याचे शिक्षण अंबिकापूरच्या सैनिक शाळेत झाले. पहिली आवड फुटबॉलची आणि स्वप्न सैन्यदलाचे. ॲथलेटिक्सकडे तो वळला तो कोरोनाकाळातील टाळेबंदीनंतर, म्हणजे बराच उशिरा.

त्यानंतरचा त्याचा प्रवास भुवनेश्वरमध्ये घडला. कलिंगा स्टेडियममधील रिलायन्स फाउंडेशन आणि ओडिशा सरकार यांच्या संयुक्त उच्च कामगिरी केंद्रात इंग्लंडचे प्रशिक्षक मार्टिन ओवेन्स यांनी त्याला घडवले. एप्रिल २०२५ मध्ये कोची येथील फेडरेशन स्पर्धेत त्याने २०० मीटरमध्ये २०.४० सेकंदांची वेळ देऊन अम्लान बोरगोहेनचा २०.५२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मेअखेर दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई स्पर्धेत २०.३२ सेकंदांसह त्याने कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा वर्षांनी भारताला मिळालेले हे आशियाई पदक होते. जुलैमध्ये ग्रीसमधील विक्रमानंतर आठवडाभरातच तो मोनॅको येथील डायमंड लीगमध्ये २३ वर्षांखालील गटाच्या २०० मीटर शर्यतीत उतरला आणि २०.५५ सेकंदांसह चौथा आला.

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथील जागतिक स्पर्धेत २०० मीटरमध्ये धावणारा तो पहिला भारतीय पुरुष धावपटू ठरला. तेथे मात्र २०.७७ सेकंदांसह तो आपल्या प्राथमिक शर्यतीत सातवा आला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जवळपास अर्धा सेकंद मागे. या निकालाने अनेक क्रीडाप्रेमींचा हिरमोड झाला असेल, पण त्यात अनपेक्षित असे काही नव्हते. युरोपातील दौरे, लांबलेला हंगाम आणि इतक्या मोठ्या व्यासपीठावरचा पहिलाच अनुभव हे सारे एकदम वाट्याला आले की शरीर त्याचा हिशेब मागतेच. थेट पात्रतेसाठी ठरवलेली वेळ २०.१६ सेकंदांची होती. तेथपर्यंतचे अंतर अद्याप बाकी आहे, एवढाच या निकालाचा अर्थ.

मधली पायरी कोठे आहे?

छत्तीसगडमध्ये खेळांवर खर्च होत नाही, असे म्हणता येणार नाही. नवा रायपूरमधील शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट स्टेडियम देशातील मोठ्या स्टेडियमपैकी एक आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथे भारत आणि न्यूझीलंड यांच्यात आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. २०१५ मध्ये हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा रायपूरने भरवली आणि भारताने त्यात कांस्यपदक मिळवले. गावपातळीवरही हालचाल आहे. काँग्रेस सरकारच्या काळात २०२२ मध्ये छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झाले. भाजप सरकारने २०२४ मध्ये बस्तर ऑलिंपिक भरवले. नक्षलवादाने ग्रासलेल्या भागांतून त्यात दीड लाखांहून अधिक स्पर्धकांनी भाग घेतला. बिलासपूर येथे खेलो इंडिया योजनेतील राज्य उत्कृष्टता केंद्र आहे.

म्हणजे पाया आहे आणि कळसही आहे. एका टोकाला गावागावांतून धावणारी हजारो मुले, दुसऱ्या टोकाला हजारो प्रेक्षकांची स्टेडियम. उणीव आहे ती या दोहोंमधील पायरीची. जिल्हा स्पर्धेत पहिला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला बावीस वर्षांचा होईपर्यंत रोज सिंथेटिक ट्रॅक, एकच प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि वर्षाकाठी आठ-दहा दर्जेदार शर्यती मिळाल्या पाहिजेत. हे चार-पाच वर्षांचे सातत्य ज्याला मिळते तो वर जातो, इतर मागे पडतात. अनिमेषला ते सीमेपलीकडे मिळाले.

ओडिशाने हे कसे साधले, याचे उत्तर अवघड नाही. त्या राज्याने मोजके खेळ निवडले, एका ठिकाणी सोयी एकत्र केल्या, उद्योगसमूहांना भागीदार करून घेतले आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका दीर्घकाळासाठी केल्या. २०१७ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा कलिंगा स्टेडियममध्ये झाली. ती संपल्यावर ट्रॅकला कुलूप लागले नाही. तेथे केंद्र उभे राहिले. पुढे छताखालचा ट्रॅकही आला. अम्लान बोरगोहेनही याच केंद्रात घडला. स्पर्धा भरवणे आणि खेळाडू घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओडिशाने वेळीच ओळखले.

अनिमेष ओडिशाकडून धावतो म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल, तसेच ओडिशाने खेळाडू पळवला असे म्हणणेही. आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर त्याच्या छातीवर भारताचेच नाव असते. त्याला परत आणण्याची मागणी कोणी केली, तर ती घोषणाबाजी ठरेल. खरा प्रश्न जशपूर, सरगुजा किंवा बस्तरमध्ये आज दहावीत असलेल्या पुढच्या मुलाचा आहे. अनिमेषच्या घरी शासकीय नोकरीचे स्थैर्य होते, त्याला सैनिक शाळेचे मैदान लाभले आणि परराज्यात पाठवण्याची कुटुंबाची तयारी होती. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही, त्याला राज्याबाहेरची वाट सापडण्याची शक्यता कमी. प्रत्येक यशस्वी स्थलांतरामागे किती जण वाटेतच थांबले, याची नोंद कोठेही होत नाही.

महाराष्ट्रासाठीही हाच प्रश्न

रायपूर आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून हा प्रदेश नागपूरशी जोडलेला होता आणि १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून चाले. तात्यापारासारख्या वस्तीच्या नावात आजही त्या संबंधाची खूण आहे. खेळाच्या प्रश्नातही दोन्ही राज्यांची दुखणी फारशी वेगळी नाहीत.

भारताने वेगात आशियाचे नेतृत्व केले होते, हे आज आठवावे लागते. १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईचे लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. चीन आशियाई स्पर्धांत प्रथम उतरला तो १९७४ मध्ये, तेहरानला. तेवीस वर्षे उशिरा आलेला हा देश २०१८ आणि २०२३ अशा सलग दोन आशियाई स्पर्धांत १०० मीटरचा विजेता ठरला. हांगझोऊला शिए झेन्ये याने ९.९७ सेकंदांत सुवर्ण मिळवले. पिंटो यांच्यानंतर भारताला पुरुषांच्या १०० मीटरचे आशियाई सुवर्ण पुन्हा मिळाले नाही.

महाराष्ट्रात गुणवत्तेची वानवा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत १०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके महाराष्ट्राच्या नावावर लागली. पुरुषांत प्रणव गुरव, महिलांत साताऱ्याची सुदेष्णा शिवणकर. पुण्यात बालेवाडीसारखे संकुल आहे, क्रीडा प्रबोधिनींचे जाळे आहे. तरीही राष्ट्रीय विजेता आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत न्यायचा कसा, याचे उत्तर येथेही अपुरेच आहे. शालेय वयात प्रबोधिनी आणि यश मिळाल्यावर शासकीय नोकरी, या दोहोंमधली वर्षे येथेही खेळाडू आणि त्याच्या घरच्यांच्या भरवशावर जातात.

आशेला आधार आणि धोक्याची खूण

आशा बाळगण्यास कारणे आहेत. २००५ मध्ये अनिल कुमार प्रकाश याने १०.३० सेकंद नोंदवल्यानंतर भारतीय विक्रम १०.२६ वर यायला अकरा वर्षे लागली. ती वेळ २०१६ मध्ये ओडिशाच्या अमिय मल्लिकने दिली. त्या तुलनेत अलीकडचा वेग लक्षणीय आहे. २०२२ मध्ये अम्लान बोरगोहेन १०.२५, २०२३ मध्ये मणिकांत होबळीधर १०.२३, मार्च २०२५ मध्ये गुरिंदरवीर १०.२० आणि जुलैमध्ये अनिमेष १०.१८. तीन वर्षांत चार वेगवेगळ्या धावपटूंनी विक्रम मोडला. हेच चौघे ३० एप्रिल २०२५ रोजी चंडीगड येथे एकत्र धावले आणि ४ बाय १०० मीटर रिलेमध्ये ३८.६९ सेकंदांची वेळ देऊन २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील ३८.८९ सेकंदांचा विक्रम त्यांनी मोडला. सु याला झांग पेइमेंग होता, तसा अनिमेषला गुरिंदरवीर आहे. घरातच तोडीस तोड प्रतिस्पर्धी असणे ही कोणत्याही धावपटूची मोठी शिदोरी असते.

धोक्याची खूणही तितकीच स्पष्ट आहे. टोकियो ऑलिंपिकच्या रिलेत चीनचा संघ ३७.७९ सेकंदांसह चौथा आला होता. ब्रिटनच्या संघातील एक धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने त्यांचे रौप्यपदक काढून घेण्यात आले आणि कांस्यपदक सु व त्याच्या सहकाऱ्यांकडे आले. पदक मिळाले, पण विजयमंचावर उभे राहण्याचा क्षण गेला तो गेलाच. चीनच्या ॲथलेटिक्सनेही १९९० च्या दशकात उत्तेजकांच्या सावटाची किंमत मोजली आहे. भारताची स्थिती तर अधिक चिंताजनक आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ दोषी ठरले, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांहून अधिक नमुने घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

उत्तेजकांचा प्रश्न हा मधल्या पायरीच्या अभावाशीही जोडलेला आहे. ज्या खेळाडूला वर्षभरात पदक न मिळाल्यास नोकरीची संधी हुकण्याची भीती असते आणि ज्याच्याजवळ विश्वासाचा प्रशिक्षक किंवा वैद्यकीय सल्लागार नसतो, तो जवळच्या वाटेला लवकर बळी पडतो. दहा वर्षांची हमी असलेल्या खेळाडूला पाय बदलून पाहता येतो. दहा महिन्यांचीच मुदत हाती असलेल्यापुढे मोह अधिक असतो. यामुळे दोषी खेळाडूचा अपराध सौम्य होत नाही, परंतु व्यवस्थेची जबाबदारीही संपत नाही.

पुढची कसोटी

२०२६ चे वर्ष अनिमेषसाठी महत्त्वाचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे राष्ट्रकुल स्पर्धा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानमधील आयची-नागोया येथे आशियाई स्पर्धा होत आहेत. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे आणि भारताची नजर २०३६ च्या ऑलिंपिकवर आहे. २०३० मध्ये अनिमेष २७ वर्षांचा असेल. सु याच्या कारकिर्दीत त्या वयापर्यंत दहा सेकंदांची वेस ओलांडली गेली होती आणि त्याची सर्वोत्तम वर्षे अजून यायची होती.

तेव्हा २०२६ मध्ये एखादे पदक हुकले तर निराशेचा आणि मिळाले तर कौतुकाचा पूर येईल, हे गृहीत धरूनही क्रीडा प्रशासनाने आपली नजर दूरवर ठेवणे आवश्यक आहे. १०.१८ आणि ९.८३ यांत ३५ शतांश सेकंदांचे अंतर आहे. ट्रॅकवर ते साडेतीन ते चार मीटर भरते. ते एका हंगामात कापले जाणार नाही आणि कदाचित अनिमेषकडून पूर्णपणे कापले जाणारही नाही. कापले जाईल तेवढे त्याचे. उरलेले कापणारा मुलगा किंवा मुलगी कोठून येणार आणि त्यांना कोठे थांबवून घडवले जाणार, हे ठरवणे मात्र राज्यांच्या हाती आहे.

छत्तीसगडने २०२५ मध्ये स्थापनेची पंचवीस वर्षे पूर्ण केली. या पंचविशीत राज्याने देशाला सर्वांत वेगवान धावपटू दिला, पण तो घडला शेजारच्या घरी. सदर बाजारातील सराफ कच्च्या सोन्याला दागिन्याचे मोल देत नाहीत. कारागिराच्या हाताखालून गेल्यावरच ते ठरते. जशपूरच्या टेकड्यांत सोने आहे, हे अनिमेषने सिद्ध केले आहे. कारागीर आणि त्याची पेढी रायपूरला उभी राहणार का, याचे उत्तर राज्याच्या पुढच्या काही अर्थसंकल्पांत मिळेल.